अक्काची बॅटरी

आमच्या गावात रामराम घातला की रामराम परत मिळायचा. अक्काला मात्र काहीही म्हणा, उत्तर ठरलेलं. "आ करा." पिठाच्या गिरणीत भेटली तरी आ करा, लग्नाच्या मांडवात भेटली तरी आ करा. कमरेला खोचलेली छोटी बॅटरी निघायची आणि समोरचा माणूस पाटील असो की पाहुणा, त्याला तोंड उघडून स्वतःची तीन बोटं दातांच्या मधे उभी घालून दाखवावी लागायची. तिन्ही गेली की ती म्हणायची, "जावा, जेवा पोटभर." दोनच गेली तर मात्र आवाज खाली आणून विचारायची, "कवापसून?" त्या एका शब्दानं भले भले गडी घामाघूम झालेले मी पाहिले आहेत.

सरपंचांच्या मुलीच्या साखरपुड्यात तिनं नवऱ्या मुलाच्या बापालाच आ करायला लावलं. तो बिचारा तबकातली तंबाखू तळहातावर घेऊन नुकता मळायला लागला होता.  सरपंच लांबून डोळे वटारत होते, ते अक्काला दिसत नव्हते अशातला भाग नाही. पाहुण्याची दोनच बोटं गेली, म्हणजे तंबाखूनं तोंड आखडायला लागलं होतं. अक्का म्हणाली, "पाव्हणं, लगीन व्हईल थाटात. पर त्याच्या आदी परभणीच्या दवाखान्यात जाऊन या." पाहुणा खरोखर जाऊन आला, आणि लग्नात त्यानं तिला आठवणीनं मानाची साडी दिली. सरपंचांनी तो साखरपुडा तिला पुढं वर्षभर ऐकवला.

अक्का आमच्या गावची आशाताई, म्हणजे आरोग्य खात्याची गावातली बाई. सेलूहून वालूरकडं जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला आमचं गाव, तिथल्या लिंगायत वाण्याच्या घरची ती सून. अंगानं काडी, कपाळावर भस्माचे पट्टे, गळ्यात इष्टलिंगाची चांदीची करंडी आणि खांद्याला औषधांची पिशवी. आंघोळ आणि लिंगपूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब घ्यायची नाही. नवरा तरणाताठा असताना शेतातल्या मोटारीचा शॉक लागून गेला, आणि तेव्हापासून ती थोरल्या दिराच्या, मन्मथअप्पांच्या, घरात राहत होती. अप्पांचं किराणा दुकान आमच्या शाळेच्या फाटकासमोर होतं. तिथं मीठमिरचीपासून वह्या-पेन्सिलींपर्यंत सगळं मिळायचं आणि अगदी दर्शनी तंबाखूच्या पुड्यांच्या माळा लोंबत असायच्या.

थोरला दीर म्हणजे सासऱ्याच्या जागी. अक्का अप्पांसमोर कधी बसली नाही, त्यांच्यासमोर तिचा पदर कधी डोक्यावरून ढळला नाही, आणि त्यांच्याशी ती थेट कधी बोलली नाही. अप्पा दोन हातांवर जेवत बसलेले असले तरी ती जावेला सांगायची, "ताई, भावजींना म्हनावं, उद्या मला सेलूला जायचंय." अप्पाही भाकरी मोडता मोडता बायकोलाच सांगायचे, "म्हनावं, जा." अख्ख्या गावाला तोंड उघडायला लावणारी ही बाई स्वतःच्या घरात मात्र असं वळणावळणानं बोलायची, याची मला फार गंमत वाटायची. पुढं ती गंमत राहिली नाही.

मी तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. आता लपवण्यासारखं काही उरलेलं नाही म्हणून सांगतो, मी तंबाखू खायचो. वर्गात नाही हां. मधल्या सुट्टीत, शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून, चुना लावून, अंगठ्यानं निवांत मळून. पुडी अर्थातच समोरून, अप्पांकडून. शाळेच्या दर्शनी भिंतीवर 'तंबाखूमुक्त शाळा' असं रंगवलेलं होतं, तेही मीच रंगवलेलं. अक्षर माझं चांगलं आहे.

एकदा अक्का पाचवीच्या वर्गात मुलांना तोंड कसं तपासायचं ते शिकवायला आली. मुलांची तोंडं बघून झाली आणि ती माझ्याकडं वळली. "गुरुजी, आ करा." सगळा वर्ग टकमक बघत होता. मी म्हणालो, "अक्का, शाळेत असली थेरं चालायची नाहीत." ती जागची हलली नाही. हातातली बॅटरी तशीच पेटलेली. मग शांतपणे म्हणाली, "बरं. गुरुजींचं ऱ्हायलं म्हून लिवते," आणि खरंच तिनं ते वहीत लिहिलं. माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. पंधरा दिवस मी तिच्याशी बोललो नाही, आणि त्या पंधरा दिवसांत रोजच्यापेक्षा जास्तच पुड्या संपवल्या.

मग एक दिवस सेलूच्या प्रशिक्षणाहून ती डोक्यात खूळ घेऊन आली. ग्रामसभेत ठराव करायचा. त्यात तीन गोष्टी. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही. गावातल्या कुठल्याही कार्यात, सोयरिकीत असो की मयतीला येणाऱ्या माणसांपुढं, तबकात तंबाखू ठेवायची नाही. आणि तोंडाच्या तपासणीची गाडी येईल तेव्हा ती आधी ओढ्यापलीकडच्या वस्तीवर जाईल. पहिल्या कलमात सगळ्यात आधी सापडत होतं ते तिच्या स्वतःच्या घरचं दुकान, कारण शंभर यार्ड सोडा, फाटकापासून ते वीस पावलांवर होतं. मी तिला ते बोलून दाखवलं. ती म्हणाली, "मोजलंय मी गुरुजी. अठरा."

सरपंचांना खुपलं ते तिसरं कलम. वस्तीवरची बहुतेक माणसं ऊसतोडीला जाणारी, उरलेली दुसऱ्यांच्या रानात राबणारी. आजवर गावात जी गाडी यायची, डोळ्यांची असो की दातांची, ती ग्रामपंचायतीसमोर उभी राहायची, आणि वस्तीला ती आल्याचं कळायचं ती गेल्यावर. सरपंच म्हणाले, "अक्का, गाव इथं आणि गाडी तिथं, हे कामून? इथल्या लोकांनी काय करायचं?" अक्का म्हणाली, "चालत जायचं. त्यांना पाय हायेत की." सरपंच कुरकुरले, पण त्यांनी 'बघू' म्हटलं, आणि अक्कानं त्या 'बघू'चा अर्थ होकार असा लावून सेलूच्या दवाखान्यात गाडीसाठी नाव देऊन टाकलं.

ठरावासाठी गावात समिती हवी होती. सचिव म्हणून तिनं मला धरलं. मी लगेच हो म्हणालो, आणि ते काही गावाच्या कळवळ्यानं नव्हे. समितीतल्या माणसाला ती चारचौघांत आ करायला लावणार नाही, असा माझा साधा हिशोब होता. तो बरोबर निघाला. पण दर बैठकीला ती वही उघडायची तेव्हा माझ्या नावापुढं लिहिलेलं 'राहिले' मला उलटं बसूनसुद्धा वाचता यायचं.

मग घरोघर जाऊन यादी करायची होती. कोण तंबाखू खातं, कोण विडी ओढतं, कोण गुटखा खातं. अक्का महिनाभर फिरली. वस्तीचं एक घर सोडलं नाही, पाटलाचा एक सोपा सोडला नाही. यादी तयार झाली. पुरुषांची पानंच्या पानं भरलेली आणि बायकांच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत 'नाही, नाही, नाही'. मी ती सुवाच्य अक्षरात उतरवून काढली. सेलूला वरच्या बाईंनी कौतुक केलं की या गावच्या बाया लय चांगल्या. अक्का घरी आली ती अशा तोऱ्यात की मला हसू आलं. त्या यादीत किती मोठी चूक आहे, हे तिला, मला आणि आमच्या गावातल्या एकाही माणसाला कळलं नव्हतं.

तपासणीची गाडी ठरल्याप्रमाणं वस्तीवर आली. ग्रामसभेला चार दिवस होते. समाजमंदिरात खुर्च्या मांडल्या होत्या, अक्का बॅटरी धरून उभी, मी नावं लिहीत बसलो होतो. गोदाआजी नावाची एक म्हातारी पुढं आली. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बहुतेक शहरातल्या. त्यांनी विचारलं, "आजी, तंबाखू खाता?"

"न्हाई बया. बाईमानूस तंबाकू खाती व्हय?"

डॉक्टरीणबाईंनी आजीचा खालचा ओठ बोटानं खाली ओढला. "मग हे काळं काय आहे?"

"मिसरी हाय की ती! दाताला लावते."

"मिश्री कशाची करता?"

"कशाची म्हंजी? तव्यावर तंबाकू भाजायची, कुटायची, डबीत भरायची."

बोलता बोलता आजी थांबली. सगळ्याच थांबल्या. हे काही नवं नव्हतं, प्रत्येक घरात दर महिन्याला तवा तापायचा, त्याचा खकाणा उठायचा, पोरं खोकायची. पण व्यसन म्हणजे गड्यांचं. मिश्री तुळशीजवळच्या कोनाड्यात असायची, साबणाशेजारी. बाळंतिणीलासुद्धा कोणी मिश्री लावू नको म्हणत नसे. सकाळी उठून लावायची, दुपारची भांडी झाली की लावायची, जीव कासावीस झाला की लावायची. तिला तंबाखू म्हणावं असं आमच्याकडं कधी कुणाच्या मनात आलंच नाही. माझ्या घरातही बायकोची डबी होती आणि ते 'नाही, नाही' मीच सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं.

मी अक्काकडं पाहिलं. आजीच्या तोंडावर धरलेला तिचा उजेड भिंतीवर गेला होता. वर्गात झालेला माझा अपमान इतके महिने माझ्या पोटात होता. त्याचं उट्टं काढायची संधी आली असं मला वाटलं, आणि मी सगळ्यांसमोर हसत म्हणालो, "अक्का, आता तुम्ही आ करा."

तिनं बॅटरी विझवली. पदर तोंडाशी धरला आणि समाजमंदिराच्या बाहेर जाऊन उभी राहिली.  आपण काय बोलून बसलो ते मला तेव्हाही कळलेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर ती वर्गात आली. मुलं गेलेली होती. तिनं बॅटरी माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "गुरुजी, बगा." मी काही बोलायच्या आत तिनं तोंड उघडलं. डाव्या गालाच्या आत, खालच्या दाढांच्या कडेला, जिथं ती रोज बोटानं मिश्री धरायची, तिथं नखाएवढा पांढरा चट्टा होता आणि त्याच्या मधोमध लाल फुटलेली जागा. मग तिनं स्वतःची तीन बोटं तोंडाशी नेली. दोनच गेली. तिसरं बोट ती दातांवर दाबत राहिली, पुन्हा पुन्हा. मी म्हणालो, "अक्का, पुरे."

"कवापसून?" मी विचारलं. तिचाच शब्द होता तो.

"चार म्हैने झाले, तिकट सोसंना. मला वाटलं, तोंड आलंय." मग ती फळ्याकडं वळली. "गावाच्या तोंडात बॅटरी मारत हिंडले. माज्या तोंडात मी कवा बगितलंच न्हाई."

तिला तेव्हाच्या तेव्हा परभणीला पाठवायला हवं होतं. शहाण्या माणसानं तेच केलं असतं. पण ग्रामसभा तीन दिवसांवर होती आणि मी शहाणपणाच्या भलत्याच रस्त्याला लागलो. मी तिला समजावलं, की हे आत्ता बाहेर पडलं तर ठराव गेला. लोक म्हणतील, ही स्वतः मिश्री लावते आणि आम्हाला शिकवते. तीन दिवस गप्प राहा, ठराव होऊ द्या, मग लगेच दवाखाना. तिनं ऐकून घेतलं. "आनि यादी?" तिनं विचारलं. मी म्हणालो, "यादी नंतर दुरुस्त करू." तिनं बॅटरी उचलली आणि गेली. त्या सल्ल्याची लाज मला आजही वाटते.

ते तीन दिवस गावात वारा पडल्यासारखे गेले. अप्पांच्या दुकानापुढं तालुक्याच्या ठोक व्यापाऱ्याची जीप दोनदा येऊन उभी राहिली. पारावरची माणसं अक्का दिसली की बोलणं थांबवायची. ठरावाच्या आदल्या दिवशी मी पुडी आणायला दुकानात गेलो. होय, तेव्हाही गेलो. अप्पा व्यापाऱ्याच्या माणसाला सांगत होते, "तुमी बेफिकीर ऱ्हावा. मी सबेत एवढंच इचारनार हाय, की आमच्या घरातल्या कोनाड्यातल्या डबीत काय हाय? तिच्या मिसरीची तंबाकू माज्याच दुकानातून जाती." मला पाहून ते थांबले. मग मलाच म्हणाले, "गुरुजी, धाकट्या भावामागं मी तिला लेकीवानी संबाळलं. आता तीच माज्या पोटावर पाय द्यायलीय. ठराव झाला तर तिनं तिची चूल वेगळी करावी, आन् ती या घरात न्हाई."  अप्पा वाईट माणूस नव्हते, आणि त्यामुळंच मला जास्त भीती वाटली.

मी पुडी न घेताच तसाच मागच्या दाराला गेलो. अक्का अंगणात ज्वारी पाखडत होती. मी सगळं सांगितलं. सभेला जाऊच नका, म्हणालो. दुखतंय म्हणून सांगा, ठराव पुढं ढकलू. ती सूप हलवत राहिली.

"घर जाईल, अक्का," मी म्हणालो.

"गुरुजी, गोदाआजीच्या व्हटाला काळ्याखाली पांडरं व्हतं. म्या रातभर तेच बगायले डोळ्यापुडं. तिच्या नावाम्होरं 'न्हाई' मीच लिवलं. मी गप ऱ्हायले तर ती घरीच ऱ्हाईल." मग तिनं सूप खाली ठेवलं. "आन् भावजींना कशाला सबेत तरास? माजं मी सांगते."

ग्रामसभा शाळेच्या पटांगणात होती. आमच्या ग्रामसभेला एरवी कोरमसुद्धा भरत नसे, त्या दिवशी उभं राहायला जागा नव्हती. बायका कधी येत नसत. त्या दिवशी एका कडेला बायका बसल्या होत्या, वस्तीवरच्यासुद्धा, आणि त्यात आमची मंडळीही दिसली तेव्हा मला धक्काच बसला. ग्रामसेवकांनी ठराव वाचला. सरपंच म्हणाले, "कुणाचं काय म्हननं?" अप्पा पुढच्या रांगेतून उठले, टोपी नीट केली, घसा खाकरला. त्याच क्षणी बायकांच्या कडेनं अक्का उठली आणि चालत टेबलापाशी आली.

तिनं पदरातून पत्र्याची डबी काढली आणि सरपंचांसमोर टेबलावर ठेवली. तो आवाज सगळ्या पटांगणाला ऐकू गेला.

"मी लिवलेली यादी खोटी हाय," ती म्हणाली. "बाया तंबाकू खात न्हाईत आसं मी लिवलं. ही डबी माजी. हिच्यात मिसरी हाय. एकोनीस वर्सं झाली, मी लावते. आंगुळीच्या आदी लावते, मंग पूजा करते. मला वाटलं हे दाताचं औषद हाय. तंबाकू हाय ही. भाजलेली तंबाकू. पैलं नाव माजं लिवा."

मागून कुणीतरी ओरडलं, "आदी सोताचं घर सुदरा म्हनावं!" तिकडं हशा झाला. मला वाटलं, संपलं. अक्कानं तिकडं बघितलंही नाही. ती वळली आणि दोन पावलं चालून अप्पांसमोर जाऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत ती त्यांच्यासमोर अशी उभी राहिली नव्हती. तिनं डोक्यावरचा पदर मागं सारला, कमरेची बॅटरी काढून त्यांच्या हातात दिली, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांच्याशी थेट बोलली.

"भावजी, बगा," ती म्हणाली, आणि तिनं तोंड उघडलं.

हशा बंद झाला. अप्पांच्या हातात बॅटरी होती, बटणावर अंगठा होता. धाकटी भावजय थोरल्या दिरासमोर उघड्या तोंडानं उभी होती आणि सगळं गाव बघत होतं. किती वेळ गेला कोण जाणे. मला तर शाळेच्या घंटेचा दोर वाऱ्यानं खांबावर आपटत होता तेवढंच ऐकू येत होतं. अप्पांनी बॅटरी लावली नाही. त्यांनी मान खाली घातली, बॅटरी टेबलावर डबीशेजारी ठेवली आणि गर्दीतून वाट काढत दुकानाकडं निघून गेले. विचारायचं होतं ते त्यांनी विचारलंच नाही.

मग बायकांच्या कडेला हालचाल झाली. गोदाआजी गुडघ्यावर हात टेकत उठली, आली, कनवटीची डबी काढून टेबलावर ठेवली. "माजंबी लिवा." तिच्यामागं आणखी एक आली. मग आणखी दोघी. आमची मंडळी आली, माझ्याकडं न बघता म्हणाली, "घरून आणायची राहिली. पण लिहून घ्या." मी सचिव, मी लिहून घेत होतो, आणि माझं ते प्रसिद्ध अक्षर त्या दिवशी वाकडंतिकडं येत होतं. ठराव झाला. सगळे हात वर नव्हते, पण पुरेसे होते.

दुसऱ्या सकाळी अक्का परभणीला जायला फाट्यावर आली तेव्हा मी तिथं होतो. सोबत आमची मंडळी जाणार होती आणि गोदाआजीही. अप्पांकडचं कुणी नव्हतं. जीप यायला वेळ होता, फाट्यावर दहा-बारा माणसं होती. अक्कानं पिशवीतून वही काढली, माझ्या नावाचं पान उघडलं आणि म्हणाली, "गुरुजी, आता तरी." मी सगळ्या लोकांदेखत आ केलं. तिन्ही बोटं गेली. तिनं बॅटरी सगळीकडून फिरवली, मग हात पुढं केला. "पुडी." मी खिशातली पुडी आणि चुन्याची डबी तिच्या हातावर ठेवली. त्यानंतर मी दोनदा घसरलो, खोटं कशाला बोलू, आणि दोन्ही वेळा तिनं लांबून वासावरून ओळखलं.

गोदाआजीच्या ओठावरचं वेळेत काढून झालं. ती पुढच्या ऊसतोडीच्या हंगामात फडावरच्या कोपीत नातवंडं सांभाळायला गेलीसुद्धा. अक्काचं मात्र खोल गेलेलं होतं. मोठ्या शहरात नेऊन ऑपरेशन झालं, डाव्या गालाचा भाग गेला, थोडा जबडाही. ती परत आली तेव्हा घराचा प्रश्न होताच. आम्ही नवराबायकोनं आमच्याकडची एक खोली झाडून ठेवली होती. ती लागली नाही. जीप थांबली तेव्हा अप्पांची बायको फाट्यावर उभी होती, हातात आंबिलीचा तांब्या. अप्पा दुकानात होते. दुकानात पुड्यांच्या माळा जिथं लोंबायच्या तिथं आता पोरांच्या दप्तरांचे बंद आणि रंगीत खडूंचे डबे टांगलेले होते. त्याबद्दल अप्पा कुणाशी कधी बोलले नाहीत, अक्काशी तर नाहीच.

अक्काचं बोलणं गेल्यातच जमा होतं. शब्द फुटायचे नाहीत, फक्त घोगरा आवाज यायचा. पण काम तिनं सोडलं नाही. ती समोर येऊन उभी राहायची, बॅटरी लावायची आणि तीन बोटं वर करायची. माणसं मुकाट तोंड उघडायची. आधी लोक हसून टाळायचे, आता टाळायचे नाहीत. पुढं पुढं तर वस्तीवरच्या बाया ती लांबून येताना दिसली की ओळीत उभ्या राहायच्या. गावात नवी सून आली की पहिल्या आठवड्यात अक्का तिच्या दारात जायची आणि कोनाड्याकडं बोट करायची, डबी आहे का म्हणून. दोन वर्षं तिनं असं काढलं. त्या दोन वर्षांत मी तिच्याइतकं भरभरून बोलणारं माणूस पाहिलं नाही.

ती गेली तेव्हा मी निवृत्त होऊन परभणीत राहायला आलो होतो. निरोप मिळाला, पण मी पोचेपर्यंत तिला समाधी देऊन झाली होती. त्यांच्यात माणसाला बसवून पुरतात. गळ्यातलं लिंग तिच्या तळहातावर ठेवलं होतं, असं आमच्या मंडळीला अक्काच्या जाऊबाईंनी सांगितलं. मी रडलो नाही तिथं. रडू आलं ते नंतर, फाट्यावर.

मी अप्पांच्या घरी जाऊन सतरंजीवर बसलो. मयतीला आलेल्या माणसांपुढं तबक येतं तसं आलं. त्यात बडीशेप होती, खडीसाखर होती आणि मधली चुन्याची वाटी रिकामी होती. अप्पा भिंतीला टेकून बसले होते, एकदम म्हातारे झाल्यासारखे.  मग अप्पा उठले, कोनाड्यातून काहीतरी घेतलं आणि माझ्यासमोर येऊन बसले. हातात तिची बॅटरी होती.

"गुरुजी, आ करा," अप्पा म्हणाले.

मी आ केलं. त्यांनी या वेळी बटण दाबलं.  ते वाकून माझ्या तोंडात बघत राहिले, बघतच राहिले, आणि मग अगदी हळू आवाजात त्यांनी विचारलं, "गुरुजी, ह्येच्यात काय बगायचं आसतंय?"

मी तोंड मिटलं. पांढरा चट्टा, लाल चट्टा, न भरणारी जखम, आणि तीन बोटं, एवढं त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली. बॅटरी दुसऱ्या हातात घेतली, धोतरानं डोळे पुसले.

"पुन्यांदा आ करा," ते म्हणाले.